पोलीस चौकशी आणि मौनाचा अधिकार



अंधेरी-बोरिवलीकडील आपल्या घरांत पोलीस ठाण्याचे बोलावणे आले की वडीलधारी मंडळी मुलास सांगतात, 'साहेब विचारतील ते सारे सांगून मोकळा हो.' उपदेश प्रेमाचा खरा, परंतु कायदा इतके मागत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ साली, तत्कालीन मुंबई राज्याच्या काठी कालू ओघड खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी याची सीमा आखली. बोटांचे ठसे व हस्ताक्षराचा नमुना घेता येतो. स्वतःस गोवणारे बोल सक्तीने वदवून घेता येत नाहीत. हे संरक्षण पोलीस चौकशीतही लागू आहे, असे १९७८ च्या नंदिनी सत्पथी प्रकरणात ठरले. शाळेत गप्प उभा राहणारा मुलगा अपराधी, ही समजूत न्यायालयात चालत नाही.

मात्र हे मौन सरसकट नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० प्रमाणे, ज्या उत्तराने आपणावर गुन्ह्याचा आरोप येईल तेवढेच टाळता येते. इतर प्रश्नांना खरे उत्तर द्यावेच लागते. खोटे बोलणे म्हणजे मौन नव्हे. तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, हे तरुणांनी विशेष ध्यानी ठेवावे. आणि साक्षीसाठी स्त्रियांना, तसेच माझ्यासारख्या साठी उलटलेल्यांना, ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनीच घरी यावयाचे असते.