शेजाऱ्याच्या रानातून जाणारी वाट: परवानगी की हक्क?

मला सारखा विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ. "आमची वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते, आजवर कुणी अडवलं नाही. मग तो आमचा हक्क झाला ना?"

माझं उत्तर: तुम्ही त्या वाटेने कसे जात होता, यावर ते ठरतं.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम १५ सांगतं की वापर २० वर्षं हवा; शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्काने. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. सगळी मेख 'हक्काने' या शब्दात आहे. "काका, ट्रॅक्टर नेऊ का?" असं दरवेळी विचारून गेलात, तर ती परवानगी. तिचा कितीही वर्षांनी हक्क होत नाही.

दुसरा मार्ग कलम १३ चा, म्हणजे गरजेचा. भावाभावांत वाटणी झाली आणि मागच्या हिश्शाला वाटच उरली नाही, तर पुढच्या हिश्शातून ती मिळते. पण लांबचा का असेना, दुसरा रस्ता असेल तर 'हा जवळ पडतो' एवढं कारण पुरत नाही.

तिसरा मार्ग तहसीलदारांचा. बांधावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. इथे मुदत फक्त सहा महिने, अडवल्यापासून. "गावातच मिटवू" म्हणता म्हणता ती निघून जाते, म्हणून बोलणी चालू ठेवा, पण दावाही मुदतीत दाखल करा.

माझा सल्ला विचाराल तर संबंध गोड आहेत तोवर कागद करा. त्यात दोन्ही गट नंबर, वाटेची जागा आणि रुंदी लिहा. पायवाट की ट्रॅक्टरसाठी, तेही लिहा. सोबत नकाशा जोडा. ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. एकट्या भावाची सही पुरत नाही. मुद्रांक भरून दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा. मग सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात नोंद घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करा.

याने काय होतं? उद्या शेजाऱ्याने जमीन विकली, तरी घेणाऱ्याला तुमची वाट मान्य करावी लागते. काकांचा शब्द मात्र त्याला बांधील नसतो.

तर आज घरी विचारा: आपण त्या वाटेने विचारून जातो, की हक्काने?