काळ्या रबराची खरी तपासणी

मोटारीच्या दाराभोवतीची काळी रबरी पट्टी सगळ्यांच्या पाहण्यातली. तिच्यातलं ईपीडीएम रबर नुसतं असेल तर मायक्रोवेव्हने फारसं तापत नाही. त्यात कार्बन ब्लॅकची काजळीसारखी पूड भरली की तेच रबर २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी आतपर्यंत तापतं आणि कारखान्यात चालत्या पट्ट्यावरच पक्कं होतं.

अशा कार्बन भरलेल्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा हाती आला की आधी मल्टीमीटर लावला जातो. रोध प्रचंड दिसला, की ‘इन्सुलेटर’ असा शिक्का मारून तपासणी संपवली जाते. ही घाई बरी नव्हे. मल्टीमीटर मोजतो तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा रोध.

कोकणातली एखादी वाडी आठवावी. सुटी सुटी घरं, प्रत्येकाला अंगण, मध्ये गडगे. वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं तर सलग पाखाडी हवी. मल्टीमीटरच्या प्रवाहालाही तशीच, कणाला कण भिडलेली कार्बनची वाट लागते. ती ज्या प्रमाणाला जुळते, तो पर्कोलेशन थ्रेशोल्ड. लांबट कार्बन नॅनोट्यूब नीट पसरल्या, तर वजनाच्या १ टक्क्याहून कमी प्रमाणातही ती जुळते. कार्बन ब्लॅक मात्र सहसा बरंच जास्त लागतं.

पण पोरांना आपल्याच अंगणात येरझारा घालायच्या असतील तर पाखाडी कशाला? १० गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला हजार कोटी आवर्तनं करते. तेवढ्या वेळा विद्युतभार कार्बनच्या आपापल्या पुंजक्यात मागेपुढे होतो आणि उष्णता निघते. गडगा ठेंगणा असला तर त्याच्यावरून साखरेची वाटीही पलीकडे जाते; दोन पुंजक्यांमधली पातळ फट तशीच धारित्र बनते आणि वारंवारिता वाढेल तसा तिचा अडसर कमी होतो.

उलट सगळी वाडीच फरसबंद केली तर? मल्टीमीटर उत्तम आकडा दाखवील, पण लहर वेशीवरूनच परतेल, धातूवरून परतावी तशी. शोषण हवं तर तिला आधी आत येऊ द्यायला हवं. अँटेना तपासण्याच्या प्रतिध्वनीरहित कक्षांत भिंतींना कार्बनयुक्त फोमचे सुळके लावतात ते यासाठीच: टोकाशी हवा जास्त, पायथ्याकडे शोषक द्रव्य वाढत गेलेलं.

म्हणून सांगायचं ते इतकंच. वस्तू ज्या वारंवारितेला वापरायची, तिलाच मोजावी. नमुना वेव्हगाइडमध्ये बसवून, परतलेली आणि पार गेलेली लहर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर मोजली, की निकोल्सन आणि रॉस यांनी १९७० मध्ये व वेअर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने द्रव्यातली ऊर्जेची साठवण आणि हानी, दोन्ही हाती येतात. फक्त नमुना घट्ट बसावा; हवेची फट राहिली की आकडे फसवतात.

रबर ताणलं की कार्बनच्या या वाटा तुटतात आणि आकडे पुन्हा बदलतात. तो भाग मोठा आहे, आणि वेळ संपत आली आहे. तूर्त एवढं करावं: असं शोषक द्रव्य घेताना माहितीपत्रकात रोधाच्या आकड्याबरोबर वारंवारिता आणि जाडी दिली आहे का, हे आधी विचारावं.