मुलांच्या हातचे टाके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही व्याख्याने देणारी बाई नव्हे. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या, तेव्हा मी गोधडी पुढ्यात पसरून बसले होते. ती पाहून त्या म्हणाल्या, "हाच विषय घ्या. मुलांना गोधडीची गोडी कशी लावावी ते सांगा." मी होकार दिला खरा, पण त्या गेल्यावर माझ्या मनात आले, की ही गोडी लावण्यात आपण एकदा सपशेल चुकलो आहोत. ते झाकून उपदेश करणे बरे नव्हे. म्हणून आज मी आधी माझी चूक सांगणार आहे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिकडे गोधडीला वाकळही म्हणतात. चैत्र-वैशाखात शेतातली कामे सरली, पाऊस अजून लांब असला, की आई दुपारची जेवणे आटोपून सोप्यात जुने लुगडे पसरायची. ते दुमडून गोधडीच्या मापाचे करायचे, त्यावर विरलेली धोतरे, उसवून सपाट केलेले सदरे, परकर, जे असेल ते थरावर थर घालायचे, आणि वरून पुन्हा एक बरेसे लुगडे. चारी कडा मुडपून टाचून घेतल्या, की कडेने धावदोरा सुरू. एक फेरा झाला, की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करीत शेवटी मध्यावर यायचे. एक गोधडी पुरी व्हायला कधी महिना लागे.

आम्हा मुलांना त्यात कामे ठरलेली असत. सुईत दोरा ओवून द्यायचा आणि थर सरकू नयेत म्हणून कोपऱ्यांवर बसायचे. बसल्या बसल्या ओळखायचे, हा आबांचा सदरा, हे आजीचे लुगडे, हा माझा परकर. मी सात-आठ वर्षांची असताना आईने एके दिवशी माझ्याच हाती सुई दिली आणि एक कोपरा दाखवून म्हटले, "हा तुझा." मी तांबड्या दोऱ्याने टाके घातले. टाके कसले, कोंबडीची पावले ती! एक बोटभर लांब, तर दुसरा तिळाएवढा. आई म्हणाली, "झाले की चांगले." मागाहून तिने ते उसवून नीट केले असतील, असेच मी कितीतरी वर्षे धरून चालले होते.

पुढे लग्न होऊन मी पुण्यास आले. १९८८ साली माझी थोरली लेक आठ वर्षांची होती. नणंदेचे बाळंतपण जवळ आले होते आणि मी बाळासाठी दुपटे शिवीत होते. लेक म्हणाली, "आई, मला दे ना." मी तिला वीतभर जागा नेमून दिली. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून ती सारी दुपार तेवढ्याच जागेवर बसली होती. संध्याकाळी पाहते, तो टाके एकमेकांवर चढलेले, कापडाला चुण्या पडलेल्या. माझ्या मनात आले, हे दुपटे चार लोकांत जायचे, सासरची माणसे काय म्हणतील? रात्री ती झोपल्यावर मी सारे टाके उसवले आणि माझ्या सरळ ओळी घातल्या.

सकाळी उठल्याबरोबर ती दुपट्यापाशी गेली. तिने त्या जागेवरून बोट फिरवले. रडली नाही. एवढेच म्हणाली, "आई, माझे टाके कुठे गेले?" मी म्हटले, "अगं, तेच जरा नीट केले." ती काही न बोलता खेळायला निघून गेली. भगिनींनो, त्यानंतर माझ्या लेकीने सुई हाती धरली नाही. शाळेत ती हुशार, आज नोकरीत मोठ्या जागेवर आहे. पण सदऱ्याचे बटण तुटले, तरी ती शिंप्याकडे देते. मी पुष्कळदा आग्रह केला, रागावलेसुद्धा. तिला शिवणाची आवडच नाही, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागले. आवड होती, ती मी एका रात्रीत उसवून टाकली होती, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले २००९ साली. त्या वर्षी आई गेली. तिच्या अंथरुणातली एक गोधडी मी घेऊन आले. वरचे लुगडे फार विरले होते, म्हणून नवे घालावे या विचाराने मी ते काढू लागले. त्याच्या खाली आणखी एक जुना पदर निघाला, आणि तो उचलला, तो काय? खालच्या पदरावर कोपऱ्यात ती तांबड्या दोऱ्याची कोंबडीची पावले! आईने त्या गोधडीवर दोनदा नवे कापड घातले होते. पण माझा एकही टाका उसवला नव्हता. आणखी एक गोष्ट मी नीट निरखून पाहिली. आईच्या सरळ ओळी माझ्या कोपऱ्यापाशी आल्या, की थोड्या वळल्या होत्या. माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांना जागा देऊन त्या पुढे गेल्या होत्या. मी तशीच ती मांडीवर घेऊन किती वेळ बसले, कोण जाणे.

लेक आली, तेव्हा मी तिला तो कोपरा दाखवला. तिने विचारले, "हे कुणाचे?" मी म्हटले, "माझे. तुझ्या आजीने ठेवले. मी तुझे ठेवले नाहीत." त्या दिवशी ती काही बोलली नाही. पण काही वर्षांनी, २०१६ च्या मे महिन्यात, ती आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हिला गोधडी शिकव. पण उसवू नकोस."

आपल्या बायकांची ही माया काही आपल्याच मुलखापुरती नाही. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड भागात, सिद्दी समाजाच्या बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून आत शिवीत येतात. बिहारात नव्या बाळासाठी जुन्या साड्यांची सुजनी करतात. आणि दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात, जीज् बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे एक खेडे आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला, तेव्हा १९४२ साली तिने त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. ते कपडे फाडून पट्ट्या करायला तिची लेक आर्लोंझिया हाताशी होती. पुढे ती लेकही नामांकित गोधडी शिवणारी झाली. २००२ साली त्या खेड्यातल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली त्यांची चित्रे टपालाच्या तिकिटांवर आली. त्या लेकीला आधी कुणी टाका शिकवला असेल-नसेल. पण बापाचे कपडे आईबरोबर हातांनी फाडताना ती जे शिकली, ते कुठल्या वर्गात शिकायला मिळणार?

आता नातीबरोबर बसून मी जे शिकले, ते थोडक्यात सांगते. कापड जुने, धुऊन मऊ झालेले सुतीच घ्यावे. नायलॉनच्या साड्या सुळसुळीत; थर सरकतात आणि मूल कंटाळते. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला, की गुंता होतो. मोठ्या नेढ्याची सुई द्यावी. अंगुस्तान लहान बोटाला ढिले होते, तेव्हा बोटाला चिंधी गुंडाळावी. उठण्यापूर्वी सुया मोजाव्यात, कारण मुले अनवाणी फिरतात. अर्ध्या तासावर बसवू नये. गोधडी मात्र पसरलेली असू द्यावी, म्हणजे मूल येता-जाता चार टाके घालते. तुकडे त्याला निवडू द्यावेत, आणि कोणता तुकडा कुणाचा, ते सांगावे. नातीने तिच्या पणजीला पाहिलेले नाही. पण पणजीचे लुगडे ती आज हाताने चाचपून ओळखते. आणि मुलगे असतील, तर त्यांनाही बसवावे. माझ्या मुलाचा मुलगा बहिणीपेक्षा सुबक टाका घालतो, हे मी पक्षपात न करता सांगते.

कुणी म्हणेल, वाकडे तसेच ठेवले, तर मूल सरळ शिकणार कसे? मलाही ही शंका होती. पण दोरा फार ओढला जात असेल, तर पुढचा टाका घालताना सांगावे, "जरा सैल सोड." घातलेल्या टाक्याला बोल लावू नये. शेजारी आपली सरळ ओळ असतेच; मूल ती पाहते. नातीचा पहिला कोपरा माझ्यासारखाच, कोंबडीच्या पावलांचा झाला. तिसऱ्या कोपऱ्याला ओळ आपोआप सरळ आली, आणि मग तिनेच पहिला कोपरा पाहून हसून विचारले, "आजी, हा मी केला?" तो उसवला असता, तर आपण किती पुढे आलो, हे तिला कशावरून कळले असते?

माझ्या लेकीने अजून सुई धरलेली नाही. पण गेल्या दिवाळीत नात शिवीत होती, तेव्हा ती जवळ येऊन बसली आणि तिने सुईत दोरा ओवून दिला. मला तेवढे पुष्कळ झाले.

भगिनींनो, मंडळाला माझी एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात आपण सर्वजणी मिळून एक गोधडी शिवू या. प्रत्येकीने घरातले एक जुने वस्त्र आणि एक मूल बरोबर आणावे. चारही कोपरे मुलांना द्यावेत, आणि आपल्या ओळी त्यांच्यापाशी थोड्या वळवाव्यात. पुढच्या वर्धापनदिनी ती गोधडी या व्यासपीठावर अंथरली जावी, आणि तिच्यातला एकही टाका कुणी उसवलेला नसावा.