अनोळखी मारेकरी आणि खुनाचा हेतू
(व्याख्यानाचा मजकूर)



गावात खून झाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : मृताचे कोणाशी वैर होते काय? जमिनीचा वाद, भाऊबंदकी, पैशाची देवघेव, संशय, जुना सूड यांपैकी काहीतरी हाती लागेल, अशी विचारणाऱ्याची खात्री असते आणि पुष्कळदा ती खरी ठरते. पोलीस तपासाची दिशाही याच प्रश्नाने ठरते. हेतू सापडला की संशयित सापडतो, कारण हेतू हा दोन माणसांच्या संबंधातून जन्मास येतो, असे गृहीत धरलेले असते.

परंतु मारणारा आणि मरणारा यांनी परस्परांचे तोंडही पूर्वी पाहिलेले नसेल तर? तेथे वैर नाही, वाटणी नाही, मत्सर नाही. अशा वेळी वर्तमानपत्रे 'निर्हेतुक हत्या' असा शब्द वापरतात आणि समाज भयभीत होतो. वैर टाळता येते; पण ज्याच्याशी कसलाच संबंध नाही त्याला कसे टाळावे, हे त्या भयाचे मूळ. तथापि 'निर्हेतुक' हा शब्द बरोबर आहे काय, याचा विचार झाला पाहिजे. अनोळखी माणसाच्या खुनालाही हेतू असतो. तो दोघांच्या संबंधात शोधला जातो म्हणून सापडत नाही. मारणाऱ्याने परक्या माणसाला मनातल्या मनात जे नाव दिलेले असते, त्या नावात तो दडलेला असतो. हेच सूत्र चार प्रकरणांच्या आधारे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम कायद्याची भूमिका स्पष्ट केली पाहिजे. कायदा उद्देश आणि हेतू यांत भेद करतो. जीव घेण्याच्या इराद्याने घाव घातला, हा उद्देश. तो इरादा कशापायी निर्माण झाला, हा हेतू. १८६० च्या भारतीय दंड संहितेने खुनाच्या व्याख्येत उद्देश व जाणीव यांना स्थान दिले, हेतूला दिले नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच रचना कायम आहे. प्रत्यक्ष पुरावा भक्कम असेल तर हेतू सिद्ध न होताही शिक्षा होऊ शकते. खटला केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल, तेव्हा मात्र हेतूला विशेष महत्त्व येते. म्हणजे न्यायालयाचे काम हेतूवाचून अडत नाही. परंतु समाजाचे अडते. पुढचा खून टाळावयाचा असेल तर मागचा का घडला, हे समजून घ्यावेच लागते.

पहिले उदाहरण ठगांचे. ग्वाल्हेर, बुंदेलखंड, माळवा आणि नर्मदेचे खोरे या मुलखांतील वाटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठगांच्या टोळ्या वावरत. १८३० नंतर विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने जबलपूर येथून त्यांच्या निर्मूलनाची मोहीम चालविली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्यांवरून त्याने त्यांच्या सांकेतिक भाषेचा कोश तयार केला आणि तो १८३६ साली प्रसिद्ध झाला. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली ठगावर कादंबरी लिहिली आणि हा विषय युरोपभर गाजला. ही सारी माहिती इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरली असल्यामुळे आजचे इतिहासकार ती जपून वापरतात. विशेषतः देवीच्या आज्ञेने हत्या होत, या भागाविषयी त्यांना शंका आहे. पद्धतीविषयी मात्र फारसे दुमत नाही. ठग प्रवाशांच्या तांड्यात मिसळत, त्यांच्याबरोबर मजल दरमजल चालत, त्यांचा विश्वास संपादन करीत आणि ठरलेला इशारा होताच रुमालाने गळा आवळीत. प्रेते पुरून टाकीत.

येथे वैर नव्हते, लोभ होता. पण लुटीसाठी जीव घेण्याची गरज काय होती? याचे उत्तर 'परका' या शब्दात आहे. घरापासून शेकडो कोस दूर असलेला वाटसरू नाहीसा झाला तर त्याच्या घरी महिनोन् महिने कळत नसे आणि कळले तरी कोणत्या संस्थानाच्या हद्दीत शोध घ्यावा, हे उमगत नसे. युरोपियन माणसाच्या वाटेस ठग सहसा जात नसत, कारण त्याच्यामागे चौकशी होणार हे निश्चित असे. ज्याच्याविषयी कोणी विचारणार नाही असा माणूस ते निवडीत. त्यांच्या भाषेत अशा प्रवाशाला 'बनिज', म्हणजे व्यापारातला माल, म्हणत. माणसाला माल म्हटले की त्याला मारणे हा व्यवहार होतो. हेतू त्या एका शब्दात आला.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. २००९ साली गोव्यात स्त्रियांच्या हत्यांची जी मालिका उजेडात आली, तिच्यात लग्नाचे आमिष दाखविले जाई, असे तपासात पुढे आले. तेथे मारेकरी अगदी अनोळखी राहत नसे, ओळख वाढविली जाई. पण ठगही वाटेत ओळख वाढवीतच. महत्त्वाचे हे की यांतील काही स्त्रिया वर्षानुवर्षे केवळ बेपत्ता म्हणून गणल्या गेल्या. विचारणारे कोणी नसणे, हेच पुन्हा एकदा मारेकऱ्याचे बळ ठरले.

दुसरे उदाहरण पुण्याचे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्या शहरात दहा जणांचे खून झाले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे कलामहाविद्यालयातील तरुण दोषी ठरले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातील एक विद्यार्थी होता. खंडणीसाठी त्याला पळविण्यात आले आणि मारण्यात आले. त्यानंतर टोळीने घरांकडे मोर्चा वळविला. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात वयाची अठ्ठ्याऐंशी वर्षे गाठलेले संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांचा अंत झाला. त्या काळात पुणेकर दिवेलागणीलाच दारे लावून घेत, ही आठवण त्या पिढीतील लोक आजही सांगतात.

या तरुणांचे अभ्यंकर कुटुंबाशी काय वैर होते? काहीही नाही. चोरीचा लोभ होता हे उघड आहे. पण वृद्धांचा, मुलांचा आणि घरातील मोलकरणीचाही जीव घेण्याचा खुलासा केवळ लोभाने होत नाही. त्या घरातील प्रत्येक माणूस मारेकऱ्यांच्या दृष्टीने एकच गोष्ट होता : साक्षीदार. पहिला खून पचला की दुसऱ्याचा अडसर कमी होतो आणि टोळीत एकाने माघार घेणे म्हणजे इतरांच्या नजरेत दुबळे ठरणे असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ साली बालगुन्हेगारांच्या मनोवृत्तीविषयी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. गुन्हेगाराला समाजाची नीतिमूल्ये माहीत असतात. ती तो पुरती नाकारीत नाही, स्वतःपुरती तात्पुरती बाजूला सारण्याच्या युक्त्या योजतो, असे त्यांनी दाखविले. समोरचा माणूस 'बळी' आहे हेच नाकारणे, ही त्यांपैकी एक युक्ती. खुनाच्या प्रकरणांनाही हे निरीक्षण लागू पडते.

तिसरे उदाहरण मुंबईच्या रामन राघवचे. १९६५-६६ साली आणि पुन्हा १९६८ साली उपनगरांतील झोपड्यांत व उघड्यावर झोपलेल्या माणसांवर रात्री जड वस्तूचे घाव घालून त्यांना ठार मारण्यात आले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियालो यांनी रामन राघवला हटकून पकडले. त्यावेळी गुन्हे शाखेच्या तपासाचे नेतृत्व रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होते. आरोपीजवळ सापडलेल्या वस्तू म्हणजे चष्मा, कंगवे, कात्री, लसूण, चहाची पूड असले किडूकमिडूक. एवढ्यासाठी इतके जीव कोण घेईल?

खरा उलगडा मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीतून झाला. जगाचे दोन भाग असून एक 'कानून'चे आहे, आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत आणि इतर लोक आपले पुरुषत्व पालटण्याचा डाव करीत आहेत, अशा समजुती त्याच्या मनात घट्ट रुजलेल्या होत्या. खटला १९६९ साली चालला आणि फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने हा दीर्घकालीन छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, रुग्ण असल्याचे मत दिले. शिक्षा जन्मठेपेची झाली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

येथेही हेतू होता. परंतु तो या जगातला नव्हता. पदपथावर झोपलेला श्रमिक त्याच्या लेखी माणूस नव्हता, कटातील एक पात्र होता. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. छिन्नमनस्कतेने पीडित असलेले बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. उलट इतरांच्या क्रौर्याला तेच अधिक बळी पडतात. एका रामन राघववरून प्रत्येक रुग्णाला भ्यावे, हा निष्कर्ष चुकीचा आणि अन्यायकारक आहे. रास्त निष्कर्ष एवढाच की उपचारावाचून वर्षानुवर्षे भटकणारा रुग्ण हे साऱ्या समाजाचे दुर्लक्ष आहे.

आतापर्यंतच्या प्रकरणांत मारेकरी मूठभर होते आणि ते आपल्यासारखे नव्हते, असे म्हणून मनाचे समाधान करता येते. चौथे उदाहरण ते समाधान हिरावून घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारादिवशी पाच वाटसरूंना जमावाने मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा मोबाईल संदेशांतून पसरली होती. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १३ जुलै रोजी, बिदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या एका तरुणाचा अशाच जमावाने बळी घेतला. त्याच्याबरोबरच्या मंडळींनी मुलांना चॉकलेटे दिली, एवढेच संशयाला पुरले.

या जमावांत सराईत खुनी नव्हते. शेतकरी होते, मजूर होते, मुलांचे बाप होते. त्यांचा हेतू विचारला असता तर त्यांनी उत्तर दिले असते : मुलांचे रक्षण. हेतू उदात्त आणि कृत्य राक्षसी, असा हा भयंकर मेळ आहे. गर्दीत माणसाची स्वतःची ओळख पुसट होते, जबाबदारी सर्वांची म्हणून कोणाचीच राहत नाही, हे समूहाचे मानसशास्त्र सांगते. परंतु गर्दी जमण्यापूर्वी एक काम झालेले असते : वाटसरूला 'पोरे पळविणारा' हे नाव देण्यात आलेले असते. ठगाने ज्याला माल म्हटले, टोळीने ज्याला साक्षीदार मानले, रुग्णाने ज्याला कटातील पात्र समजले, त्यालाच जमावाने चोर ठरविले. चारही ठिकाणी माणूस आधी नाहीसा झाला आणि खून मागाहून झाला.

यावरून प्रतिबंधाचे मार्गही दिसतात. पहिला मार्ग, परक्याविषयी विचारणारे कोणीतरी असणे. बेपत्ता माणसाची खबर देण्यास विलंब होऊ नये. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ठगांच्या काळी प्रवाशाचा माग हद्दीपाशी तुटत असे; आज तो तुटू देण्याचे कारण नाही. गोव्यासारख्या प्रदेशात, जेथे पर्यटक, मजूर आणि ट्रॉलरवरील खलाशी दूरदूरच्या गावांहून येतात, तेथे घरमालकाने, ठेकेदाराने आणि शेजाऱ्याने त्यांची नावे व गावे जाणून घेणे हे केवळ संशयाचे काम समजू नये. ते त्यांच्या संरक्षणाचेही काम आहे.

दुसरा मार्ग उपचाराचा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला असून, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याचे कर्तव्य पोलिसांवर सोपविले आहे. वस्तीत असा माणूस दिसला तर दगड उचलण्याऐवजी ठाण्यास कळवावे.

तिसरा मार्ग अफवेला अडविण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हिंसेविरुद्ध निर्देश देताना प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. परंतु अधिकारी येईपर्यंतची दहा मिनिटे नागरिकांच्या हाती असतात. संदेश पुढे न धाडणे, ११२ क्रमांकावर कळविणे आणि घेरल्या गेलेल्या माणसाला मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे, त्याचे नाव आणि गाव विचारणे, एवढे एका शहाण्या माणसाला साध्य आहे.

शेवटची गोष्ट साधी भासेल. पण वर सांगितलेल्या साऱ्या विवेचनाचे सार तिच्यात आहे. ज्याचे नाव कळले, गाव कळले, घरी कोण कोण आहे हे कळले, त्याला माल किंवा चोर म्हणणे अवघड जाते. खुनाचा हेतू ज्या रिकाम्या जागेत वाढतो, ती जागा एका प्रश्नाने भरता येते. तो प्रश्न वेळीच विचारणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.