ज्याचे कान, त्याची दिशा



कुमार गंधर्वांच्या देवासमध्ये ऐकण्याविषयी बोलायचं ही मोठी जबाबदारी आहे. १९४८मध्ये ते इथे आले ते क्षयाने आजारी होते. गाणं थांबलं, ऐकणं उरलं. अंथरुणावरून त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांची माळवी लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यातून काय उभं राहिलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण गाणारा न दिसता तो कुठून आला, कुठे वळला हे कानांना कळतं कसं? आज त्याबद्दल बोलायचं आहे.

धार जिल्ह्यातला भगोरियाचा हाट आठवा. उजवीकडे मांदळ वाजतो. त्याचा घुमारा उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला डोक्याभोवती वळसा घालून जरा उशिरा. हा उशीर फार तर ०.६५ मिलिसेकंदांचा, पण मेंदू तो पकडतो. घुंगरांच्या बारीक नादाला असा वळसा नीट घेता येत नाही. डोकं आड येतं आणि डाव्या कानाला तो मंद लागतो. वेळ आणि जोर ही जोडी लॉर्ड रॅले यांनी १९०७मध्ये मांडली.

आता इथल्या माताजींच्या टेकडीच्या पायऱ्यांवर या. नेमकी समोर, पण वर, घंटा वाजते. दोन्ही कानांना एकाच क्षणी, सारख्याच जोराने. मग ती वर आहे हे कशावरून कळलं? हे काम बाहेरच्या कानाच्या घड्यांचं. घड्यांवर आपटून आलेला आवाज थेट आलेल्या आवाजात मिसळतो आणि काही कंपनं तिथे मारली जातात. साधारण सेकंदाला सहा ते दहा हजार कंपनांच्या पट्ट्यात एक खाच पडते. आवाज वर सरकला की खाचही वर सरकते. ही खाच प्रत्येकाच्या कानात वेगळ्या जागी असते, कारण दोन माणसांच्या घड्या सारख्या नसतात. नेदरलँड्समध्ये हॉफमन आणि व्हान ऑप्स्टाल यांच्या गटाने लोकांच्या कानांत साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. डावं-उजवं शाबूत राहिलं, वर-खाली मात्र गेलं. काही आठवड्यांत माणसं नव्या आकाराला सरावली आणि साचे काढल्यावर जुनं ज्ञानही जागेवरच सापडलं! १९९८मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

डोकं आणि कान आवाजात करतात तो बदल मोजतात असा. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाच्या छिद्राच्या तोंडाशी बारीकसा मायक्रोफोन लावायचा आणि स्पीकर एकेका दिशेला नेऊन खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा. मान हलली की माप बिघडलं. मग माणसाला उठवून त्याच्या डोक्याच्या जागी नुसता मायक्रोफोन ठेवून तेच मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या डोक्याने आणि त्या कानांनी आवाजावर केलेला संस्कार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेने ४५ जणांची, प्रत्येकी १,२५० दिशांची मापं घेऊन ती २००१मध्ये सर्वांना खुली केली.

याचा गायनाशी संबंध काय? मैफलीत गायकाच्या मागे डावा-उजवा असे दोन तंबोरे असतात. हेडफोनवर तेच तंबोरे कवटीच्या आत वाजू लागतात, कारण घड्यांचा संस्कार वगळलेला असतो. तो गणिताने परत घालता येतो, पण कोणाच्या कानांचा? अमेरिकेत १९७२ साली सरासरी मापांचा ‘केमार’ पुतळा बनला. त्याच्या कानांनी ऐकताना अनेकांना पुढचा आवाज मागे वाटतो, वरचा खाली. सरासरी कान कोणाच्याच डोक्याला नसतो. २०२२पासून ॲपलचा फोन कानांची छायाचित्रं घेऊन आवाज बेततो. सोय चांगली आहे, तरी आपल्या संगीतासाठी आपल्या माणसांची उघडी मापं हवीत, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी महागडी खोली नसली तरी अडत नाही. डोक्याची रुंदी, कानाची उंची, आतल्या वाटीची खोली मोजावी, कानाचं त्रिमितीय स्कॅन घ्यावं. उरलेलं गणिताने काढता येतं. मुलांची मापं वेगळी घ्यावीत, कारण डोकं वाढतं तसा दोन कानांमधला उशीरही वाढतो. इथल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना हे सहज जमेल. सुरुवात गाण्याच्या विद्यार्थ्यांपासून करावी. दोन तंबोऱ्यांच्या मध्ये ते रोज बसतात. हेडफोनमधला तंबोरा जागेवरून सरकला, तर तो कुठे सरकला हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगेल?