पोरगी बी निगेटिव्ह



मागच्या वेळी मी रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल बोलले, तो कार्यक्रम ऐकून एका बाईंनी केंद्रावर फोन केला. मुलाला स्थळ आलेलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं, सगळं पसंत. पण बाईंचा आवाज दबका. म्हणाल्या, "ताई, पोरगी बी निगेटिव्ह हाय. काय करावं?"

मी म्हटलं, "बी म्हणजे? तुमचा मुलगाही निगेटिव्ह आहे का? मग तर काहीच काळजी नाही."

"न्हाई हो. तिचा गटच बी हाय. बी निगेटिव्ह. तिच्या रक्तात काय दोष हाय का?"

आपल्याकडे 'बी' म्हणजे 'सुद्धा', त्यामुळे माझा घोटाळा झाला आणि आम्ही दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर मला हसू येईना. तिचा घोटाळा 'बी'चा नव्हता. तो 'निगेटिव्ह'चा होता, आणि या शब्दाशी माझा जुना हिशेब आहे. तो आज तुम्हाला सांगणार आहे.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ही जोडी आता इंग्रजी राहिलेली नाही. ती आपल्या घरात राहते. बॅटरीत सेल घालताना आपण अधिकची खूण बघतो, ते पॉझिटिव्ह टोक. चाळिशीचा चष्मा प्लस नंबरचा, शाळेतल्या पोराचा मायनस नंबरचा. आता प्लसवाली म्हणून माझे डोळे पोराच्या डोळ्यांपेक्षा चांगले, असं कुणी म्हणेल का? दोघांनाही चष्मा लागतोच.

माझ्या वयाच्या बायकांना फोटो स्टुडिओ आठवत असेल. लग्नाचे फोटो आणायला गेलं की फोटोवाला एका छोट्या पाकिटात निगेटिव्ह द्यायचा आणि बजावायचा, "हे जपून ठेवा, पुन्हा कॉपी काढता येईल." त्यात नवरीचं तोंड काळं आणि केस पांढरे. तरी जपायची ती निगेटिव्हच, कारण फोटो हरवला तर दुसरा तिच्यातूनच निघायचा. फोटोसाठी हे दोन शब्द जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० मध्ये वापरले.

विजेची नावं त्याहून जुनी, बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन माणसाची. त्याला वाटायचं की वीज म्हणजे एक प्रकारचा प्रवाही पदार्थ. तो जिथे जास्त साठला ते पॉझिटिव्ह, जिथे कमी पडला ते निगेटिव्ह. पुढे दीडशे वर्षांनी कळलं की तारेतून धावणारे कण नेमके त्याने निगेटिव्ह म्हटलेल्या बाजूचे आहेत. पण नाव पडलं ते पडलं. आपल्याकडे एखाद्या काळ्यासावळ्या पोरीचं नाव गोरी ठेवतात, तसंच.

आणि मग २०२० साल. 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकला की गल्ली रिकामी व्हायची. त्याच दिवसांत मोबाइलवर निरोप फिरायचे, 'पॉझिटिव्ह राहा'. एक आजोबा मला चिडून म्हणाले होते, "सिस्टर, पॉझिटिव्ह निघालो म्हणून तर शाळेत कोंडलंय, आता आणखी किती राहू?" या 'पॉझिटिव्ह विचार करा'वर माझा स्वतःचाही थोडा राग आहे. दु:ख सांगायला आलेल्या बाईला गप्प करायला तो फार सोयीचा पडतो.

आता दवाखान्याच्या कागदाकडे येऊ. तपासणीच्या कागदावर पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही. जे शोधायला घेतलं ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. निगेटिव्ह म्हणजे ते सापडलं नाही. चांगलं की वाईट, हे काय शोधत होतो त्यावर ठरतं. घरी करायच्या गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, म्हणजे पॉझिटिव्ह आलं. सात वर्षं वाट बघणारी बाई त्या रेघा बघून रडते. जिला आधीच तीन लेकरं आहेत, तीही रडते. पट्टीला यातलं काही ठाऊक नसतं.

शिवाय 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असंही नाही. पाळी चुकायच्या आधीच घाईने तपासलं तर दिवस गेलेले असूनही पट्टी निगेटिव्ह येऊ शकते. थुंकी निगेटिव्ह आली तरी खोकला, ताप, वजन घटणं थांबत नसेल तर डॉक्टर टीबीसाठी पुढच्या तपासण्या करतात.

एक अर्थ तर आपल्याकडे नुसत्या कुजबुजीतच चालतो. "ती पॉझिटिव्ह आहे म्हणे." कशाची, ते कुणी बोलत नाही, सगळ्यांना कळतं. त्याबद्दल तीनच गोष्टी सांगते. एचआयव्हीचं निदान एका चाचणीवर पक्कं करत नाहीत. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासतात. आईने औषधं नीट घेतली तर बाळ निगेटिव्ह जन्मू शकतं. आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे हा अहवाल त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा ती कुजबुज जिथे ऐकाल तिथेच थांबवा.

आता रक्तगट. इथे हेच दोन शब्द येतात, पण इथे कुठलाही आजार शोधलेला नसतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर डी नावाचा एक पदार्थ असतो. तो असला तर रक्त आरएच पॉझिटिव्ह, नसला तर आरएच निगेटिव्ह. आरएच हे नाव ऱ्हीसस जातीच्या माकडावरून आलं. लँडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये हा शोध लावला, तेव्हा त्या माकडांच्या रक्तावर प्रयोग केले होते. आपल्या देशात शंभरात साधारण पाच माणसं निगेटिव्ह. त्यांना अशक्तपणा नसतो, त्यांचं रक्त पातळ नसतं, पत्रिकेत दोष नसतो. उलट ओ निगेटिव्हवाल्याला रक्तपेढी फार मान देते, कारण अडीनडीला त्या पेशी कुणालाही देता येतात.

फोनवाल्या बाईंना मी हेच सांगितलं. पोरीत दोष नाही. फक्त तिच्या बाळंतपणात एक सुई विसरायची नाही.

ती सुई कशासाठी, ते सांगते. आई निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला तो डी पदार्थ परका. ते त्याच्याविरुद्ध लढणारे घटक तयार करतं. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, त्याला सहसा काही होत नाही. पण शरीर विसरत नाही. पुढच्या खेपेला पोटातलं बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं तर ते घटक वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याचं रक्त फोडायला लागतात. बाळाला जबर कावीळ होते, रक्त कमी होतं, काही बाळं पोटातच जातात. हे टाळायला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं. सातव्या महिन्याच्या सुमारालाही एक देतात. गर्भ पडला, पाडावा लागला, गरोदर बाईच्या पोटाला जोराचा मार लागला, तरीही ते लागतं. एकदा ते घटक तयार झाले की मग या सुईचा उपयोग नाही.

आता माझा हिशेब.

वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा उपकेंद्रावर नर्स होते. सोमवारी गरोदर बायकांची तपासणी, चाळीसेक बायका, मी एकटी. पहिलटकरीण एक मुलगी, जेमतेम एकोणीस-वीसची, रानातून चालत आलेली. तिच्या तपासण्यांचे कागद आले होते. मी कार्डावर नोंद करत एका दमात वाचलं, "एचआयव्ही निगेटिव्ह, गुप्तरोग निगेटिव्ह, कावीळ निगेटिव्ह, रक्तगट ओ निगेटिव्ह. जा आता, गोळ्या घे." तिने विचारलं, "म्हंजी सगळं निगेटिव्ह?" मी पुढचं कार्ड उघडत म्हटलं, "हो हो, सगळं निगेटिव्ह."

ती खूश होऊन घरी गेली. तिचं काय चुकलं? तीन वेळा निगेटिव्ह म्हणजे चांगलं, मग चौथ्यांदा वाईट कसं असेल?

पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर दुसऱ्या तालुक्यात. गडबडीत कार्ड सासरीच राहिलं. तिथल्या दवाखान्यात विचारलं, तपासण्या झाल्यात का? ती म्हणाली, "झाल्यात, सगळं निगेटिव्ह हाय." त्यांनीही रक्तगट पुन्हा बघितला नाही. मुलगी झाली, गुटगुटीत. सुई राहून गेली.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. या वेळी मी कार्ड बघून चरकले. "सुई घेतली होती?" तिला सुई म्हणजे धनुर्वाताची माहीत. तिला जिल्ह्याला पाठवलं. तिथे रक्तातले ते घटक शोधायची कूम्ब्स नावाची तपासणी झाली आणि कागद आला, पॉझिटिव्ह. तिचा नवरा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. चेहरा फुललेला. म्हणाला, "ताई, औषधानं गुण आला. आता ही पॉझिटिव्ह झाली."

त्याला खाली बसवून खरं काय ते सांगायला मला किती वेळ लागला, आठवत नाही. त्याचा चेहरा आठवतो.

बाळ महिनाभर आधी झालं, हळदीसारखं पिवळं. निळ्या दिव्याखाली ठेवलं, मग त्याचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरलं. बावीस दिवस ती माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. दोन शेळ्या आणि तिचे कानातले गेले. बाळ वाचलं. मोठेपणी त्याला ऐकायला कमी येतं, एवढं राहिलं. ती मला कधीच काही बोलली नाही. बाजारात भेटते, "ताई, बऱ्या हाय का?" विचारते. बोलली असती तर बरं वाटलं असतं मला.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रक्तगट बाकीच्या तपासण्यांबरोबर कधी वाचला नाही. आधी ते वाचायचे, पेन खाली ठेवायचे आणि मग रक्तगट वेगळा सांगायचे. तुमच्यापैकी जी कुणी गरोदर आहे, किंवा जिच्या घरात कुणी आहे, तिने हा कार्यक्रम संपल्यावर माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि रक्तगटाची नोंद बघा. कोरी असेल तर आशाताईंना विचारा. निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचाही गट तपासा, तोही निगेटिव्ह असला तर बाळ निगेटिव्हच होतं. माहेरी जाताना लुगडी राहिली तरी चालेल, कार्ड राहता कामा नये. बाळ झाल्याबरोबर त्याचा रक्तगट मागा आणि सुई तीन दिवसांच्या आत. रक्त लागलं तर निगेटिव्ह रक्त पटकन मिळत नाही, म्हणून बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवा. घरातला, नात्यातला कोण निगेटिव्ह आहे ते माहीत करून ठेवा.

सुनेला एकटीला सांगून भागत नाही, हेही मी शिकले. निर्णय सासूच्या हातात असतो. म्हणून सासूला आत बोलवायचे, सगळं सांगायचे, आणि मग म्हणायचे, "आत्या, आता तुम्ही मला सांगा, मी काय बोलले?" बहुतेक जणी "सुई द्यायची" एवढंच सांगायच्या. एक मात्र होत्या, अंगठेबहाद्दर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिचं रगात उणं न्हाई, येगळं हाय. बाळ झालं की तिसरा दिस उलटायच्या आत सुई. आन् न्हाई दिली तर म्या दवाखान्याच्या दारातनं हलत न्हाई."