उन्हाळा आणि घरांतील मत्स्यपेटी

सदाशिव पेठेंतील जुन्या वाड्यांत माजघराच्या कोपऱ्यांत माठ असे, चौकांत हौद असे, आणि पेठेच्या पोटांतून कात्रजच्या तलावाचें पाणी नळांतून वाहत येई. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत बांधलेला तो नळ जमिनीखालून आणलेला असल्यामुळें त्यांतील पाण्याला वैशाखाचें ऊन शिवत नसे. आज त्या वाड्यांच्या जागीं चार-चार, पांच-पांच मजली इमारती उभ्या आहेत. हौद गेले, पाण्यांतले मासे पाहण्याची हौस मात्र गेली नाहीं. ती दिवाणखान्यांत कांचेच्या पेटींत येऊन बसली आहे. माठाची जागा शीतकपाटानें घेतली, आणि माठ ज्या युक्तीनें पाणी गार करतो ती युक्तीही त्याबरोबर विस्मृतींत गेली. वस्तुतः पेटींतल्या माशांना उन्हाळ्यांत तिचीच गरज असते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी घेतली तर खडी-वाळू वजा जातां तींत सुमारें 230 लिटर पाणी मावतें. एवढा सांठा लवकर तापत नाहीं, हा मोठ्या पेटीचा गुण होय. परंतु एकदां तापला कीं तो लवकर निवतही नाहीं. लहान बरणींतलें पाणी पुण्याच्या रात्रीच्या गारव्यांत पहाटेपर्यंत उतरतें. मोठ्या पेटींत कालची उष्णता शिल्लक असतांनाच आजची तींत येऊन मिळते. पुण्यांत 30 एप्रिल 1897 रोजीं पारा 43.3 अंशांवर गेला होता. तसला दिवस विरळा. पण एप्रिलांत 38 ते 40 अंशांचे दिवस लागोपाठ येतात, आणि वरच्या मजल्यावरील खोलीचा स्लॅब रात्रीं दहापर्यंत उष्णता ओकत राहतो. अशा आठवड्यांत फेब्रुवारींत 25 अंशांवर असलेलें पाणी 32 अंशांवर जाऊन पोंचतें. शाळांना सुटी लागते तीही याच सुमारास. सकाळीं उठून पेटीकडे धावणाऱ्या मुलांनाच मग उताणा तरंगणारा मासा प्रथम दिसतो.

मासा उष्णतेनें मेला असें लोक म्हणतात. पुष्कळदां तो गुदमरून मेलेला असतो. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो. समुद्रसपाटीला 25 अंशांवरील एक लिटर गोड्या पाण्यांत फार तर 8.3 मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, 32 अंशांवर 7.3, पुणें उंचावर असल्यामुळें येथें याहूनही थोडा कमी. ही घट तेवढी भयंकर नाहीं. भयंकर गोष्ट अशी कीं, त्याच वेळीं माशाची प्राणवायूची गरज वाढत असते. दहा अंशांच्या वाढीनें ती जवळजवळ दुप्पट होते. शिवाय माशांच्या विष्ठेंतून व उरल्या अन्नांतून उत्पन्न होणारा अमोनिया उष्ण पाण्यांत अधिक विषारी ठरतो. सोनेरी मासा मुळांत थंड पाण्याचा रहिवासी. त्याला 20 ते 24 अंश मानवतात. एंजल, गप्पी वगैरे उष्ण प्रदेशांतील मासे 28 पर्यंत सुखानें राहतात. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझांप करूं लागले कीं समजावें, वेळ थोडा आहे.

पाणी थंड करणारीं यंत्रें बाजारांत मिळतात. तीं चांगलीं असतात, परंतु त्यांची किंमत पेटीहून अधिक होते, वीजही तीं पुष्कळ खातात, आणि पाण्यांतून काढलेली उष्णता त्याच खोलींत सोडून देतात. मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्याहून लोकप्रिय उपाय म्हणजे बर्फ. येथें थोडें गणित करून पाहणें उपयुक्त आहे. एक किलो बर्फ वितळून त्याचें पाणी 30 अंशांपर्यंत येईतों सुमारें 110 किलो-कॅलरी उष्णता शोषली जाते. 230 लिटरच्या पेटींत तिनें जेमतेम अर्धा अंश उतार पडतो. उलटपक्षीं एक लिटर पाण्याची वाफ होऊं दिली तर ती जातांना सुमारें 580 किलो-कॅलरी घेऊन जाते, म्हणजे तीच पेटी अडीच अंशांनीं निवते. एका लिटरची वाफ पांच किलो बर्फाला भारी पडते, आणि तिला दामही पडत नाहीं. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतें, हें ज्या घरांत आजीबाईंना ठाऊक होतें त्याच घरांत आज नातवंडें बर्फाच्या बाटल्या मोजीत बसतात!

तेव्हां पेटीवरचें कांचेचें झांकण काढावें. मासे उड्या मारतात, म्हणून त्या जागीं बारीक जाळी ताणून बसवावी. संगणकांत असतात तसले बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे पेटीच्या कडेला तिरपे लावावे; वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाऊन दुसऱ्या बाजूनें बाहेर पडला पाहिजे. दोहोंना मिळून पांच-सहा वॅट वीज लागते. अहोरात्र चालविले तरी महिन्याला चार-सवाचार युनिटांहून अधिक खर्च येत नाहीं. तारेला पेटीखालीं एक वळसा देऊन मग ती वर बटणाकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब वळशाच्या तळाशींच गळून पडतो.

या युक्तीला पुण्याची हवा फार अनुकूल आहे. हवा 38 अंशांची आणि आर्द्रता वीस टक्के असेल, तर बाष्पीभवनानें पाणी तत्त्वतः 21 अंशांच्या आसपास उतरूं शकतें. प्रत्यक्षांत इतकें उतरत नाहीं, पण दोन-चार अंशांचा दिलासा सहज मिळतो. गिरगांवांत राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकानें हाच प्रयोग केला तर त्याच्या पदरीं निराशा येण्याचा संभव अधिक. समुद्रकांठची हवा आधींच ओलसर असते. पुण्यांतही खोली घट्ट बंद ठेवली, किंवा खिडकी न उघडतां पाण्याचा कूलर लावला, तर वाफ खोलींतच कोंडते आणि पंख्यांचा उपयोग घटतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर उघड्या ठेवणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय. दुपारीं मात्र पश्चिमेची खिडकी बंद करून तिला वाळ्याचा वा जाड कापडाचा पडदा लावावा.

उष्णता काढण्यापूर्वीं ती आंत येऊंच न देणें हें शहाणपणाचें. पाण्यांत बुडवून चालविलेला 40 वॅटचा पंप आपली सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपानें पाण्यालाच देतो. एका दिवसांत ही उष्णता 230 लिटर पाणी साडेतीन अंशांनीं तापविण्याइतकी होते. तेव्हां जरुरीपुरताच लहान पंप ठेवावा, आणि दिवे दुपारीं न लावतां संध्याकाळीं लावावे. पेटीची जागा हिंवाळ्यांतच ठरवावी, कारण भरलेली पेटी हलवितां येत नाहीं. आंतल्या भिंतीशीं, उन्हापासून दूर आणि शक्य तितक्या खालीं ठेवलेली पेटी अर्धी लढाई जिंकते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत 1853 सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, तेव्हां पेट्यांवर भरपूर उजेड पडावा अशी रचना केलेली होती आणि पाणी तापण्याचा त्रास तेथेंही झाला. पुढें विल्यम लॉइड यानें 1871 सालीं क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांत पेट्यांखालीं अंधारा, प्रचंड सांठा ठेवून त्यांतलें गार पाणी सतत फिरतें ठेवलें. कात्रजच्या नळाचें तत्त्वही याहून फारसें वेगळें नव्हतें. घरांतही पेटीच्या खालच्या कपाटांत एक पिंप ठेवून त्यांतून पाणी फिरवितां येतें. जोडणी मात्र जाणत्याकडून करून घ्यावी, नाहींतर खालच्या बिऱ्हाडाशीं भांडण ठरलेलें.

वाफ होईल तितकें पाणी रोज भरावें लागतें. येथें एक चूक वारंवार होते. गच्चीवरच्या टांकीचें पाणी दुपारीं हात भाजेल इतकें तापलेलें असतें. तें तसेंच पेटींत ओतलें कीं सारी मेहनत वायां जाते. पाणी पहाटे भरून, बादलींत दिवसभर सांवलींत ठेवून, दुसऱ्या दिवशीं घालावें, म्हणजे त्यांतील क्लोरीनही बहुतांशीं उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकारांचा हायपो उपयोगीं पडतो. वाफेबरोबर क्षार जात नाहींत, ते पेटींतच सांठतात. म्हणून दर आठवड्याला थोडें जुनें पाणी काढून टाकणेंही सुटत नाहीं.

दुपारीं वीज गेली तर प्रथम खाणें बंद करावें. मासे चार दिवस उपाशीं राहूं शकतात, पण प्राणवायूवांचून चार तास राहूं शकत नाहींत. बॅटरीवर चालणारा छोटा वायुपंप घरांत असावा; तो नसेल तर तांब्यानें पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा पेटींत सोडीत राहावें. बर्फ वापरणें भागच पडलें तर तो बंद बाटलींतच तरंगत ठेवावा, आणि तासाभरांत एका अंशाहून अधिक उतार पडूं देऊं नये.

उरला प्रश्न मे महिन्यांत कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबांचा. बंद घर, मिटलेल्या खिडक्या, आणि शेजाऱ्यांकडे दिलेली किल्ली, अशा स्थितींत पेट्या हमखास नासतात. शेजारी दयाळू असतात आणि दयाळूपणानें मूठमूठ खाणें टाकतात; तें कुजून पाण्यांतला उरलासुरला प्राणवायूही खातें. निघण्यापूर्वीं आठवडाभर आधीं खाणें कमी करीत आणावें, पंख्यांना उष्णतामान पाहून चालू-बंद करणारें यंत्र जोडावें, जाळीची एक खिडकी उघडी ठेवावी, आणि शेजाऱ्यांना दिवसाआड एक याप्रमाणें चिमूटभर खाण्याच्या पुड्या तारखा घालून द्याव्या. खाण्याचा मूळ डबा कपाटांत कुलुपांत ठेवावा.